ताडामाडांची चित्रे आणि तीन वैद्यांचा दाखला

मनमाडच्या परिसरात नाल्याकाठी शिंदीची झाडे आढळतात. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी जिची पूजा होते, ती केरसुणी याच झाडाच्या पानांची. अशा घरच्या झाडाचे शास्त्रीय नाव एका जुन्या चित्रावर आधारलेले आहे, हे वाचले तेव्हा आम्हांला नवल वाटले. लिनिअसने 1753 साली या झाडाला नाव दिले, ते ‘हॉर्तुस मलबारिकुस’ या ग्रंथाच्या तिसऱ्या खंडातील (1682) ‘काट्टु इंदल’च्या चित्रांचा हवाला देऊन. 1979 मध्ये मूर आणि ड्रान्सफील्ड या अभ्यासकांनी त्या नावाचा प्रमाण-नमुना म्हणून याच चित्रांची निश्चिती केली. नारळाच्या शास्त्रीय नावाचा आधारही याच ग्रंथातील चित्रे होत.

हा ग्रंथ हेंड्रिक व्हान ऱ्हेडे या डच मलबारच्या गव्हर्नरच्या पुढाकाराने सिद्ध झाला. 1678 ते 1693 या काळात ॲम्स्टरडॅमहून त्याचे बारा खंड लॅटिनमध्ये निघाले. सातशेहून अधिक वनस्पतींची वर्णने त्यांत आहेत. ऱ्हेडे स्वतः चित्रकार नव्हता. माणसे रानात पाठवावीत, पाने-फुले-फळे ज्या त्या ऋतूत आणवावीत, चित्रकारांकडून ती रेखाटून घ्यावीत आणि गुणधर्म वैद्यांना विचारावेत, अशी त्याची पद्धत होती. माहिती मलयाळममधून पोर्तुगीजमध्ये, तेथून डचमध्ये आणि शेवटी लॅटिनमध्ये गेली. 1691 मध्ये सुरतेकडे जाताना समुद्रावरच त्याचे निधन झाले. त्याची कबर सुरतेत आहे.

पहिल्या खंडाचा आरंभ नारळाने होतो. पाठोपाठ पोफळ, ताड, भेर्ली माड येतात. ताडकुळातील झाडे संग्राहकाला नेहमीच अडचणीची. तुळशीची डहाळी कागदात दाबून वाळवता येते. माडाची एक झावळी माणसाच्या उंचीच्या दुप्पट-तिप्पट, आणि फळांचा घड तर दाबताच येत नाही. म्हणूनच या कुळाच्या अभ्यासात चित्राला पुराव्याची प्रतिष्ठा मिळाली. एकट्या नारळासाठी चार चित्रपाने खर्ची पडली आहेत. पुढे एकोणिसाव्या शतकात ब्राझीलचा प्रवास करून आलेल्या मार्तिउसने ताडकुळावर तीन खंडांचा सचित्र ग्रंथ सिद्ध केला. वॉलेसने 1853 मध्ये ॲमेझॉनच्या ताडवृक्षांवर सचित्र पुस्तक काढले. ते दोघे स्वतः रानात हिंडलेले आणि स्वतः रेखाटने करणारे होते. मलबारच्या ग्रंथाचे कर्तृत्व मात्र असे एका नावाखाली मावत नाही.

भाषेच्या अभ्यासकाने थांबावे अशी जागा येथेच आहे. या चित्रांवर रोमन, मलयाळम आणि अरबी अक्षरांबरोबर नागरी अक्षरांतही झाडांची नावे कोरलेली आढळतात. पहिल्या खंडात इट्टी अच्युतन या ईळव वैद्याच्या मलयाळम दाखल्यासोबत रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या तीन वैद्यांचा 1675 सालचा दाखला नागरी लिपीत छापला आहे. पोर्तुगीज अमलातील धर्मच्छळामुळे गोवा सोडून कोचीला स्थायिक झालेल्या समाजातले हे वैद्य. युरोपात छापल्या गेलेल्या नागरी अक्षरांच्या आरंभीच्या नमुन्यांत या दाखल्याची गणना करावी लागेल.

दाखल्याची भाषा कोकणी आहे. नागरी अक्षरे पाहताच तो मराठीच्या खात्यावर जमा करण्याचा मोह होतो. तो टाळला पाहिजे. लिपी एक असली म्हणजे भाषा एक होत नाही. परंतु परकी म्हणून तो बाजूला सारणेही योग्य नाही. मराठी मुद्रणाचा इतिहास आपण वर्गात बहुधा सेरामपूर आणि मुंबईपासून सुरू करतो. त्याआधी सव्वाशे वर्षे, शेजारच्या भाषेसाठी, याच लिपीची अक्षरे ताडामाडांच्या चित्रांबरोबर ॲम्स्टरडॅमच्या छापखान्यात पोचली होती, एवढे तरी विद्यार्थ्यांना ठाऊक असावे.

श्रेयाचा प्रश्न तरीही उरतोच. गव्हर्नरचे नाव ग्रंथावर आले, वैद्यांची नावे दाखल्यांमुळे टिकली. माडावर चढून पोय उतरवून आणणाऱ्यांचे नाव मात्र आपल्यापर्यंत आले नाही. के. एस. मणिलाल यांनी आयुष्यातील अनेक दशके वेचून केलेला इंग्रजी अनुवाद 2003 मध्ये केरळ विद्यापीठाने प्रसिद्ध केला, त्यामुळे लॅटिन न जाणणाऱ्यांनाही हा ग्रंथ आता वाचता येतो. तो उघडताना चित्राच्या कोपऱ्यातली नागरी अक्षरे जरूर पाहावीत, आणि ते फूल इतक्या उंचावरून खाली आणले कोणी, हेही स्वतःला विचारावे.