आधी घडी, मग अक्षर

साल 1790. पुण्याच्या बुधवार पेठेतल्या नाना फडणविसांच्या वाड्यात तुम्ही शिरता. वाडा अजून नवाच आहे. सुरूदार खांबांवरचं कोरीवकाम झिजलेलं नाही. कारकून एक गुडघा उभा करून ओळीने बसलेत. त्यांतल्या एका वयस्कर कारकुनाशेजारी तुम्ही टेकता. पत्र पेशवे श्रीमंत सवाई माधवरावांच्या नावाने उत्तरेत जायचं आहे, महादजी शिंद्यांकडे.

बोरू आता दौतीत बुडेल असं तुम्हाला वाटतं. पण तो बाजूलाच राहतो. कारकून लांबट कागद उचलतो, उभ्या घड्या घालून त्याचे चार सारखे भाग करतो आणि पुन्हा उलगडतो. शाईचा ठिपकाही पडण्याआधी पानाची आखणी झाली! डावीकडचा पाव भाग कोरा राहणार. माथ्यावरही ऐसपैस जागा सोडलेली, आणि तिथे मधोमध एकटं ‘श्री’.

‘‘एवढा कागद वाया?’’ तुम्ही न राहवून विचारता.

‘‘वाया कसा, राव? डोळ्याला उभं राहायला जागा नको?’’

मग मायना. ‘राजश्री’, ‘गोसावी यांसी’, ‘अखंडित लक्ष्मी अलंकृत’ हे शब्द कुणासाठी वापरायचे ते दर्जावरून ठरलेलं असतं. त्यात चूक म्हणजे अपमान. पाटीलबावांचा, म्हणजे महादजींचा, मायना मजकुराच्या आधी, आपल्या जागी, निराळा उठून दिसतो. पानावर नजर पडताच पत्र कुणाला आहे ते कळलं पाहिजे, एवढीच त्यामागची दृष्टी. पण तिच्यासाठी बाकी सगळं मागे सरकवावं लागतं.

आता नीट बघा. कारकून अक्षर काढत नाही, तो रेघ ओढतो. डावीकडच्या घडीपासून कागदाच्या उजव्या कडेपर्यंत एकच सलग रेघ. देवनागरीत आपण अक्षर लिहून वर रेघ देतो. कारकुनाच्या मोडी लिपीत रेघ आधी येते आणि अक्षरं तिच्याखाली, दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी, लटकत जातात. तिरप्या कापलेल्या बोरूतून जाड-बारीक वळणं आपसूक उमटतात. दोन शब्दांत अंतर नाही, विरामचिन्हं नाहीत, बोरू उचलायचा तो शाई घ्यायला. तरी पान गिचमीड होत नाही, कारण अक्षरांमधल्या पोकळ्या सारख्या आहेत. वळण चिटणीशी असो, बिवलकरी, महादेवपंती की रानडी, ही पोकळी ज्याला साधली त्याचंच पान सहज वाचता येतं.

मला सुलेखनातलं सगळ्यांत अवघड काम हेच वाटतं. सुंदर ‘क’ सरावाने येतो. त्याच्या पोटातली आणि बाजूची कोरी जागा मोजायला मात्र डोळा घडवावा लागतो. आजच्या लग्नपत्रिका पाहताना जीव हळहळतो: चारही कोपऱ्यांत नक्षी, नावं तीन वळणांत, आणि वधूवर शोधावे लागतात. एक ठळक गोष्ट ठरवावी, तिच्याभोवती जागा सोडावी आणि उरलेल्यांनी तिच्या मागे उभं राहावं. याच पेठेतल्या कारकुनांना हे ठाऊक होतं.

कागद संपत आला. कारकून खाली दुसरा बंद चिकटवतो. डावीकडची कोर दोन्ही बंदांवर एका रेषेत येते. सांध्यावर मागून शिक्का पडेल, म्हणजे मधला तुकडा कुणी बदलू शकणार नाही.

मजकूर ‘बहुत काय लिहिणे’पर्यंत येतो आणि थांबतो. पुढे दोन शब्दांपुरती जागा मोकळी. पत्र शनिवारवाड्यात जातं. तिथे सोळा वर्षांचे श्रीमंत त्या जागेत स्वतःच्या हाताने ‘हे आशीर्वाद’ लिहितात. घोटीव ओळींखाली हे वेगळं वळण लगेच डोळ्यांत भरतं. पत्र खरं असल्याची साक्ष हीच. मग शेवटच्या अक्षराला खेटूनच ‘लेखनसीमा’चं मोर्तब. वर कागदभर जागा मोकळी सोडणारे हे लोक इथे मात्र सुईच्या टोकाएवढीही फट ठेवत नाहीत, कारण त्या फटीत कुणीही आपला शब्द घुसवील.

एवढ्यात निरोप येतो: एक गोष्ट राहिलीच. तुम्ही समासाकडे बोट दाखवता. तिथे लिहायला हवी तेवढी जागा आहे. कारकून मान हलवतो, पुरवणीसाठी निराळा कागद घेतो आणि त्याला घड्या घालायला लागतो.