वाड्यासमोरची गल्ली

कोल्हापूरजवळच्या कागलचे जहागीरदार असलेल्या घाटग्यांच्या एका घराचे दीडशे वर्षांहून जुने छायाचित्र आजही पाहायला मिळते, पण ते घर कागलात नाही, दिल्लीत आहे. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांचे बंधू हिंदुराव घाटगे दिल्लीत स्थायिक झाले. विल्यम फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याचा १८३५ साली खून झाला, त्यानंतर टेकडीवरची त्याची कोठी हिंदुरावांकडे आली. १८५७ च्या वेढ्यात इंग्रजी फौजेने तिथेच मोर्चा बांधला, तोफगोळ्यांनी कोठीची चाळण झाली आणि पुढच्याच वर्षी फेलिचे बिआतो या छायाचित्रकाराने त्या फुटक्या भिंती टिपल्या. हे भाग्य तिला लढाईमुळे लाभले. घाटग्यांचा किंवा कागलचा त्यात काही वाटा नाही. म्हणून जुने छायाचित्र हाती आले की त्यात काय दिसते याआधी कॅमेरा तिथे कुणाच्या गरजेपोटी पोचला, हे विचारावे. आणि कागलसारख्या गावाच्या बाबतीत मला असे वाटते की, गरज वाड्याची असली तरी इतिहासाला खरा उपयोग त्या चौकटीत चुकून शिरलेल्या गल्लीचा होतो.

गल्ली फोटोतून सुटली याला सुरुवातीला तंत्रही कारणीभूत होते. फ्रेंच छायाचित्रकार दागेरने १८३८ च्या सुमारास पॅरिसचा एक गजबजलेला रस्ता टिपला, पण कॅमेऱ्यासमोर काही मिनिटे स्थिर राहील तेवढेच उमटत असल्याने गाड्या आणि माणसे गायब झाली. बूट पॉलिश करून घेणारा एक गृहस्थ तेवढा उरला. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. त्याच दशकात बिग्ज आणि पिगू या छायाचित्रकारांनी विजापूर-धारवाडकडची देवळे, मशिदी आणि मकबरे टिपले. दगड हलत नाही, हे त्यांच्या पथ्यावर पडले. पुढे काचा वेगवान झाल्या, छोटे कॅमेरे आले, तरी निवडीची सवय सुटली नाही. कागलकर घाटग्यांच्या थोरल्या पातीच्या घराण्यातला मुलगा १८८४ साली कोल्हापूरला दत्तक गेला आणि शाहू छत्रपती झाला; त्यांची छायाचित्रे आज घराघरांत आहेत. कागलच्या एखाद्या बोळातले घर मात्र लग्नाच्या नाहीतर मिरवणुकीच्या फोटोतच मागे कुठेतरी डोकावणार. छायाचित्र काढायला पैसे पडत, आणि आपल्याच दाराच्या कट्ट्यावर कोण पैसे घालवील?

पण ती मागची बाजूच पाहा. कौल नळीचे, हाताने थापलेले आहे की चापट मंगलोरी, यावरून काळाची एक कड हाती लागते. बासेल मिशनने मंगळुरात कौलांचा कारखाना काढला तो १८६५ साली, म्हणजे चापट कौलांचे छप्पर त्याआधीचे असू शकत नाही. त्याच घराच्या निम्म्या छपरावर पत्रा आला असेल तर भावांच्या वाटण्या झाल्या असाव्यात, अशी शंका घ्यायला जागा आहे; नुसत्या पत्र्यावरून तसे ठरवता मात्र येणार नाही. सोप्याच्या तुळईला कोरीव काम असून भिंत कच्च्या विटेची असेल तर पैसा लोकांना दिसेल तिथे खर्च झाला, हे उघड आहे. कट्ट्याची उंची, दारापुढचे गटार, खुंटीला बांधलेली म्हैस, विजेचा खांब: यांतले काहीच फोटोग्राफरने मुद्दाम सजवलेले नसते. मुख्य माणूस पोशाख करून उभा राहतो, मागचे घर मात्र रोजच्यासारखेच राहते. म्हणून साक्ष घ्यायची तर ती घराची घ्यावी.

यावर एक आक्षेप जोरदार आहे. कागलचे जगणे आनंद यादवांनी ‘झोंबी’त असे उभे केले आहे की त्यापुढे फोटो फिका पडावा. घरातली भूक, बापाचा धाक, शिकण्यासाठीची धडपड यांचा फोटो निघत नाही, हे मान्यच आहे. पण आत्मकथन लेखकाला जे बोचले ते धरून ठेवते. त्याला न बोचलेली बाजू, म्हणजे समोरच्या घराला किती खण होते, पाणवठ्याची वाट कुठून वळत होती, ही त्याची जबाबदारी नाही. दुसरा आक्षेप असा की घरांची नोंद सिटी सर्व्हेत आहेच. पण नकाशात हद्द आणि मिळकत पत्रिकेत मालकाचे नाव असते, त्या हद्दीवरची भिंत मातीची होती की सिमेंटची हे नसते. कट्ट्यावर संध्याकाळी कोण बसे, हे तर कोणत्याच उताऱ्यात येत नाही.

आता मोबाइल सगळ्यांकडे आहे, मग चिंता कसली, असेही म्हणता येईल. गैबी पिराच्या उरुसात फोटोंना तोटा नसतो, पण ते रोषणाईचे, गर्दीचे. पुणे-बंगळूर रस्ता रुंद होताना, पंचतारांकित औद्योगिक वसाहतीच्या आधाराने गावात स्लॅबची घरे उठताना जे पाडले जाते ते बहुतेकदा साध्या दिवशी, साध्या गल्लीत पाडले जाते. तिथे कॅमेरा नेताना ‘जुने कागल’ म्हणून फक्त महिरपी आणि सागवानी दारे वेचणे मला पटत नाही. तसे केले तर आपणही बिआतोइतकेच निवडक ठरू. गल्लीच्या दोन्ही बाजू ओळीने घ्याव्यात, निम्मे पडलेले आणि परवाच रंगवलेले घरही घ्यावे. दारात बसलेल्या बाईला विचारूनच तिचा फोटो काढावा. ती नको म्हणाली तर नुसते दार घ्यावे, पुराव्याचे त्यात फारसे बिघडत नाही. आणि तारीख, गल्लीचे नाव, कोणत्या दिशेला तोंड करून फोटो घेतला, एवढे तरी त्याच दिवशी लिहून ठेवावे, कारण पन्नास वर्षांनी त्या फोटोतली भिंत कोणती, हे सांगणारे घर जागेवर असेलच असे नाही.