कडेच्या समष्टी व जनुकीय विविधता (काळवीट)

प्राण्याच्या आढळक्षेत्राच्या मध्यभागी कळप दाट असतात, शेजारचे नर येत-जात राहतात. कडेवर शेजार एकाच अंगाला. पलीकडे समुद्र, डोंगर नाहीतर शेती. कळप लहान असला की एखादे जनुकरूप केवळ योगायोगाने नाहीसे होते (जनुकीय विचलन), आणि गेलेले परत आणणारा पाहुणा फारसा येत नाही. म्हणून कडेला विविधता कमी व वेगळेपण जास्त, असे हे गृहीतक आहे. २००८ साली १३४ अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा सुमारे दोन-तृतीयांशांत ही घट आढळली. उरलेला तिसरा हिस्साही काही थोडका नव्हे.

काळविटांच्या आढळक्षेत्राची अशी एक कड तामिळनाडूत कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात आहे. तिथे कुंभकोणमजवळच्या सुंदरपेरुमाळ कोयिल परिसरात कावेरीच्या पाण्यावरची भातखाचरे आहेत. काळविटाला हवे असते उघडे गवत. ते या त्रिभुज प्रदेशाच्या समुद्राकडच्या टोकाला, वेदारण्यमच्या मिठागरांलगत, कोडिक्करै अभयारण्यात (स्थापना १९६७) उरले आहे. तिथेही विलायती बाभूळ पसरते आहे. याच्या दक्षिणेला वल्लनाडूच्या टेकडीवर आणखी एक कळप आहे.

नर आपल्या हद्दीत ठरल्या जागी लेंड्यांचा ढीग करतो आणि तिथे नाक वर करून मिरवतो. बहुतेक माद्या मोजक्याच नरांच्या वाट्याला येतात. त्यामुळे गणनेत भरलेल्या आकड्यापेक्षा पुढच्या पिढीला जनुके देणारी जनावरे खूप कमी असतात. १६ नोव्हेंबर २०१८ च्या गज चक्रीवादळात कोडिक्करैची अनेक काळविटे मेली. वादळ धट्टाकट्टा आणि दुबळा असा भेद करत नाही. जनुकीय विचलन म्हणतात ते हेच.

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने लेंड्यांतून डीएनए मिळवून देशभरातील काळविटांचा अभ्यास केला. त्यांत उत्तर, दक्षिण व पूर्व असे तीन गट दिसले. अधिवास तुकड्यातुकड्यांत विखुरलेला असूनही नर अपेक्षेपेक्षा लांब फिरतात, असेही आढळले. म्हणजे कडेचा कळप एकटा दिसला, तरी तुटलेला असेलच असे नाही.

उलट, मध्यभागीही कड तयार होते. कर्जत तालुक्यातील रेहेकुरी अभयारण्य नकाशावर काळविटांच्या प्रदेशात चांगले आत आहे. पण त्याचे क्षेत्रफळ जेमतेम २.१७ चौरस किलोमीटर. तिथले कळप आसपासच्या शेतांत चरायला उतरतात. दुसऱ्या माळावरचा नर इथवर यायचा, तर त्यालाही याच शेतांतून वाट काढावी लागते.