वाळीत पडलेले शरीर

शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथाची कथा आपल्या भागात पुष्कळांना ठाऊक आहे. कुष्ठाने गांजलेल्या एका राजाने रानातल्या तळ्यावर हातपाय धुतले, आणि जेथे पाणी लागले तेथली कातडी निर्मळ झाली, हे राणीच्या लक्षात आले. चौदाव्या शतकातील जिनप्रभसूरींच्या ‘विविधतीर्थकल्प’ या ग्रंथातही ही कथा आहे. श्रद्धेच्या प्रांतात आम्ही शिरत नाही. आमचे लक्ष जाते ते राणीकडे. राजा रोगी असूनही घरातच होता, आणि त्याच्या अंगाकडे पाहणारे माणूस त्याच्याजवळ होते.

गरीब रोग्याच्या नशिबी हे नव्हते. त्याचे भांडे निराळे झाले, मग खोपटे निराळे झाले, आणि घरात मुलगी लग्नाची असेल तर तो आपणहून परमुलुखात निघून गेला. त्याची बोटे झडली ती रोगाने, असेच सर्वांनी मानले.

ते तितके खरे नव्हते. १८७३ साली नॉर्वेमध्ये हॅन्सेन यांनी या रोगाचा जंतू शोधला. तो फार सावकाश वाढतो, आणि बहुतेक माणसांच्या अंगात त्याला तोंड देण्याची शक्ती उपजतच असते. जंतू मुख्यतः कातडी आणि मज्जातंतू धरतो. मज्जातंतू बिघडला की स्नायू दुबळे होतात आणि संवेदना जाते. पुढचा घात बहुतांशी या बधिरतेने होतो. वेल्लोरच्या रुग्णालयात डॉ. पॉल ब्रँड यांनी १९४६ नंतरच्या वर्षांत हे दाखवून दिले. चुलीवरचे भांडे नुसत्या हाताने उतरवले तरी चटका कळत नाही, पायात काटा मोडला तरी माणूस कोसभर चालतो. झोपेत उंदराने बोट कुरतडले तरी जाग येत नाही. म्हणून तेथे रोग्यांना मांजरे पाळावयास दिली होती! आता पाहा, ज्याला दुखत नाही त्याच्या वतीने दुसऱ्या कोणी तरी पाहावे लागते. नेमके तेच माणूस समाजाने त्याच्यापासून तोडले होते.

सरकारची तऱ्हा याहून निराळी नव्हती. ब्रिटिश अमदानीतील १८९८ च्या कायद्याने भीक मागणाऱ्या निराधार कुष्ठरोग्यास पकडून आश्रमात डांबता येत असे. घरचे पोसणारे असतील त्याला ती धास्ती नव्हती. हा कायदा रद्द व्हावयास २०१६ साल उजाडावे लागले. तोवर औषधे कधीच आली होती: १९४० नंतर डॅप्सोन, आणि १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केलेले बहुविध औषधोपचार, ज्यांनी रोग पुरता बरा होतो.

आपल्या विदर्भाने मात्र वेगळी वाट काढली. १९३६ साली मनोहरजी दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तपूर येथे, १९४६ साली डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी अमरावतीस तपोवनात, आणि मग बाबा आमटे यांनी वरोऱ्यास आनंदवनात काम उभारले. तेथे शेती होती, हातमाग होते, पंगत होती. या वसाहतीही गावाबाहेरच होत्या, हे आम्ही विसरत नाही. परंतु तेथे रोग्याला काम होते आणि शेजारी होता.

आम्ही जिनिंगच्या कामगारांत हिंडलो आहोत. एका गड्याची विडी बोटापर्यंत जळत आली आणि त्याला पत्ता नव्हता. शेजारच्याने ती हिसकून फेकली. पाठीवरचा चट्टा त्याने दोन वर्षे लपवला होता, कारण कळले तर मुकादम उद्या यायला नको म्हणेल ही भीती. औषध फुकट होते. मधल्या दोन वर्षांत हात वाकडा झाला तो कायमचा.

एकटेपणाचा हा घात कुष्ठापुरताच नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील अलामेडा परगण्यात १९६५ साली सुमारे ७,००० माणसांची पाहणी झाली, आणि पुढली ९ वर्षे कोण जगले, कोण गेले याची नोंद ठेवली. १९७९ साली बर्कमन आणि साइम यांनी निष्कर्ष छापला: ज्यांना लग्न, नातेगोते, मित्र, संस्था यांचे धागे सर्वांत कमी होते, त्यांच्यातील मृत्यूचे प्रमाण सर्वांत अधिक धागे असणाऱ्यांच्या दुपटीहून अधिक. तंबाखू, दारू, आधीचे आजार यांचा हिशेब धरूनही फरक उरलाच. २०१० साली १४८ पाहण्या एकत्र मांडल्या, तेव्हाही कौल तोच पडला. एकट्या माणसाला वेळेवर दवाखान्यात ढकलणारे कोणी नसते, हे एक कारण. सतत धास्तीत राहिलेल्या शरीराचा रक्तदाब, झोप आणि रोगाशी झुंजण्याची ताकद बिघडते, हे दुसरे.

कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून कायद्यात होते, ते २०१९ साली काढले. २०१६ पासून शोधमोहिमेत आशाताई घरोघर जातात. (त्यांच्या मानधनाचा प्रश्न आम्ही आज येथे काढीत नाही, पण तो आहे.) त्या बायकांना आडोशाला नेऊन पाठ दाखवावयास सांगतात, सोबतचा पुरुष स्वयंसेवक पुरुषांना तपासतो. पाठीवरचा चट्टा दुखत नाही, खाजत नाही, आणि आपला आपल्याला दिसत नाही.