डाइव्ह कॉम्प्युटर कसा काम करतो? बुडालेल्या जहाजावरून समजून घेऊ

इंडोनेशियातल्या बाली बेटावर तुलांबेन नावाचं गाव आहे. तिथल्या काळ्या गोट्यांच्या किनाऱ्यावरून पाण्यात शिरलं, की थोड्याच अंतरावर ‘लिबर्टी’ हे सुमारे १२० मीटर लांबीचं मालवाहू जहाज लागतं. ११ जानेवारी १९४२ रोजी जपानी पाणबुडीने त्यावर टॉर्पेडो मारला. मग ते ओढत आणून या किनाऱ्याला लावलं गेलं. १९६३ मध्ये आगुंग ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि जहाज किनाऱ्यावरून पाण्यात सरकलं. आज त्याचा सगळ्यात वरचा भाग साधारण ५ मीटरवर आहे, तर खालचा ३० मीटरच्या आसपास. म्हणजे एकाच डाइव्हमध्ये खोली सारखी बदलते. तरीही ‘अजून किती वेळ थांबू?’ याचं उत्तर मनगटावरचा छोटा डाइव्ह कॉम्प्युटर देतो.

फोन का चालत नाही?

आयपी६८ लिहिलंय म्हणजे फोन डाइव्हिंगला चालेल, असं नाही. कंपनी खोली आणि वेळ ठरवून देते. बऱ्याच फोनना ती १.५ मीटर, ३० मिनिटं आणि तीही गोड्या पाण्यात. शिवाय पाण्याखाली टचस्क्रीन गोंधळते, जीपीएसचे सिग्नल पोचत नाहीत आणि जहाजाच्या लोखंडामुळे होकायंत्रही भरकटतं.

नायट्रोजनचं ‘चार्जिंग’

दर १० मीटरला पाण्याचा दाब साधारण एका वातावरणाइतका वाढतो. ३० मीटरवर तो पृष्ठभागाच्या चौपट असतो. या दाबाने श्वासातला नायट्रोजन शरीरात विरघळतो. झपकन वर आलात, तर सोड्याची बाटली उघडल्यासारखे त्याचे बुडबुडे होऊ शकतात. यालाच डीकॉम्प्रेशन सिकनेस म्हणतात.

डाइव्ह कॉम्प्युटरमध्ये मुख्य दोनच गोष्टी: प्रेशर सेन्सर आणि घड्याळ. बाकी सगळं गणित. अनेक कॉम्प्युटर स्विस डॉक्टर अल्बर्ट ब्यूलमन यांचं मॉडेल वापरतात. त्यात शरीराचे १६ काल्पनिक भाग मानले आहेत. समजा, १६ बॅटऱ्या आहेत आणि प्रत्येकीचा चार्जर वेगळा. एक काही मिनिटांत निम्मी भरते, तर सगळ्यात संथ बॅटरीला निम्मं भरायला ६३५ मिनिटं लागतात. कॉम्प्युटर दर काही सेकंदांनी हा हिशेब नव्याने करतो आणि स्क्रीनवर उरलेली मिनिटं दाखवतो. ही मिनिटं म्हणजे वाटेत सक्तीचे थांबे न घेता वर येण्याची मुदत.

जुन्या पद्धतीत छापील तक्ता असायचा. पाडी संस्थेच्या तक्त्यात पहिल्या डाइव्हसाठी ३० मीटरला २० मिनिटं, १८ मीटरला ५६ मिनिटं मिळतात. पण तक्ता सगळा वेळ सर्वांत खोल बिंदूवरच गेला असं धरतो. लिबर्टीवर आधी खाली जाऊन हळूहळू वर येत गेलात, तर कॉम्प्युटर त्या उथळ मिनिटांचीही दखल घेतो.

त्याला काय कळत नाही?

हे नीट लक्षात ठेवा: कॉम्प्युटर तुमच्या रक्तातला नायट्रोजन मोजत नाही, फक्त अंदाज बांधतो. तुम्ही थकलेले आहात, पाणी कमी प्यायलात, हे त्याला माहीत नसतं. म्हणून:

• स्क्रीनवर शून्य येईपर्यंत ताणू नका.
• मिनिटाला ९ मीटरपेक्षा वेगाने वर येऊ नका. ५ मीटरवर ३ मिनिटं थांबा.
• जोडीदाराच्या कॉम्प्युटरवर विसंबू नका. तो दोन मीटर वर असेल, तर त्याचा हिशेब वेगळा.
• एकापेक्षा जास्त डाइव्ह केल्यावर किमान १८ तास विमानात बसू नका.

वर आल्यावर सांधे दुखले किंवा हातापायांना मुंग्या आल्या, तर स्क्रीन ‘सगळं ठीक’ म्हणत असली तरी लगेच इन्स्ट्रक्टरला सांगा, ऑक्सिजन घ्या आणि डॉक्टर गाठा.