सत्याला अभय: बालसंरक्षणातील आईवडिलांची साक्ष

कोणालाही स्वतःविरुद्ध बोलण्याची सक्ती करू नये, या तत्त्वाची मुळे सतराव्या शतकातील इंग्लंडपर्यंत जातात. आरोप न सांगताच शपथेवर उत्तरे मागणाऱ्या स्टार चेंबर या न्यायासनापुढे जॉन लिलबर्नने १६३७-३८ मध्ये शपथ नाकारून शिक्षा भोगली, आणि १६४१ मध्ये ते न्यायासनच रद्द झाले. फौजदारी खटल्यात आरोपीची ढाल ठरलेला हा मौनाचा हक्क बालसंरक्षणाच्या कामकाजात, म्हणजे मूल आईवडिलांकडे राहावे की शासनाच्या देखरेखीखाली जावे हे ठरवताना, त्या मुलाच्याच मुळावर येऊ शकतो. कारण चार भिंतींआड तान्ह्या बाळाची बरगडी मोडली असेल, तर ती कशी मोडली हे बहुधा आईवडिलांनाच ठाऊक असते आणि बाळाला अजून वाचाही फुटलेली नसते.

या पेचावरचा एक तोडगा भारतात फार पूर्वी लिहिला गेला होता. १८५५ च्या पुराव्याच्या कायद्यात प्रथम आलेली आणि जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी रचलेल्या १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमात कलम १३२ म्हणून स्थिरावलेली तरतूद अशी की, उत्तराने आपण गुन्ह्यात अडकू या सबबीवर साक्षीदाराला गप्प राहता येत नाही. मात्र द्यावे लागलेले उत्तर, खोट्या साक्षीचा खटला वगळता, फौजदारी कामात त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही.

इंग्लंडच्या १९८९ च्या बालक अधिनियमाने कलम ९८ मध्ये हीच सांगड बालसंरक्षणाला घातली. साक्षीस उभ्या राहिलेल्या आईला अथवा वडिलांना उत्तर टाळण्याची मुभा उरली नाही. त्याबदल्यात, त्यांचे कथन वा कबुली शपथेवरील असत्याखेरीज अन्य गुन्ह्याच्या खटल्यात त्यांच्याविरुद्ध पुरावा होणार नाही, अशी हमी मिळाली. हे अभय गुन्ह्याला नव्हते, केवळ उच्चारलेल्या शब्दांना होते. स्वतंत्र पुराव्यावर खटला चालवण्याचा मार्ग खुलाच होता.

या हमीची कसोटी १९९६ मध्ये लागली. एका अर्भकाच्या मृत्यूनंतर त्याच्या भावंडाच्या संरक्षणाचे काम चालू असताना वडिलांनी इजा आपल्या हातून झाल्याचे कबूल केले आणि पोलिसांनी ती कागदपत्रे मागितली. अपील न्यायालयाने ती देण्यास संमती दिली, पण अशा प्रत्येक मागणीच्या वेळी मुलाचे हित, कुटुंबातील मोकळ्या कबुलीला मिळणारे उत्तेजन आणि गुन्ह्याच्या तपासातील लोकहित यांचा तोल पाहावा, असा दंडक घालून दिला.

अमेरिकेत बाल्टिमोरच्या एका प्रकरणात वेगळेच घडले. न्यायालयाच्या देखरेखीखाली तिच्याकडे सोपवलेला मुलगा हजर करण्याचा आदेश पाळण्यास आईने नकार दिला. १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, न्यायमूर्ती सँड्रा डे ओ'कॉनर यांच्या निकालपत्राद्वारे, या आदेशापुरता मौनाचा हक्क तिला नाकारला, आणि मूल हजर करण्याच्या कृतीचा पुढे तिच्याविरुद्ध वापर करण्यावर मर्यादा येऊ शकेल, एवढेच सुचवले. स्पष्ट अभय मात्र दिले नाही. अवमानाबद्दल सात वर्षांहून अधिक काळ तुरुंगात राहूनही ती बोलली नाही आणि मूल सापडले नाही.

म्हणून हे अभय आईवडिलांवरील मेहेरबानी मानणे चुकीचे ठरते. त्याचा खरा धनी ते मूल आहे, ज्याची पुढची रात्र कोणत्या छपराखाली जावी हे त्या एका उत्तरावर अवलंबून असते.