टाचेवरची गाठ

आमचे मधले काका 1969 साली गेले. चाळिशीसुद्धा गाठली नव्हती. मृगाच्या पेरण्या चालू होत्या. तिफण थांबवून ते छातीला हात लावून बांधावर बसले, ते उठलेच नाहीत. बैलगाडीतून गंगाखेडला नेईपर्यंत सगळं संपलं होतं. गावानं करणी ठरवली. काका तर सडपातळ, भाकरी-पिठल्यावर वाढलेले! त्यांच्या टाचेमागच्या जाड शिरेवर सुपारीएवढी टणक गाठ होती, तिच्याकडे कोण बघतो?

तशा गाठी नॉर्वेच्या कार्ल म्युलर नावाच्या डॉक्टरांनी मात्र बघितल्या होत्या. 1938 च्या सुमारास, म्हणजे आपल्याकडे निजामाचं राज्य होतं तेव्हा, त्यांनी दाखवून दिलं की या गाठी, रक्तातलं वाढलेलं कोलेस्टेरॉल आणि तरुणपणीचा हृदयविकार ही एकाच घराण्यातून चालत येणारी गोष्ट आहे. पुढं 1970 च्या दशकात अमेरिकेत ब्राउन आणि गोल्डस्टीन यांनी कारण शोधलं. रक्तातलं कोलेस्टेरॉल उचलून घेणारी यकृताच्या पेशींवरची यंत्रणा या माणसांत जन्मतःच अपुरी असते. आईबापांपैकी एकात दोष असला, तर प्रत्येक मुलात तो उतरण्याची शक्यता निम्मी. या शोधाला 1985 चं नोबेल मिळालं.

पण ऐनवेळी घात करते ती रक्ताची गुठळी. रक्तवाहिनीतला चरबीचा थर तडकला की शरीराला वाटतं, जखम झाली. मग फायब्रिनचं जाळं विणलं जातं. पायात काटा रुतल्यावर हेच जाळं आपल्याला वाचवतं. ते विरघळवणारं प्लास्मिनही शरीरातच तयार होतं. गंमत अशी, की 1963 मध्ये कोरे बर्ग यांना सापडलेला लायपोप्रोटीन-ए हा कण प्लास्मिनच्या मूळ प्रथिनासारखाच दिसतो, हे 1987 मध्ये उघड झालं. अस्सल तोतया! प्रयोगशाळेत तो प्लास्मिनची जागा अडवतो. माणसाच्या शरीरात किती अडवतो, यावर वाद आहेत. आमच्यासारख्या घराण्यांत तो पुष्कळदा वाढलेला आढळतो.

गुठळी विरघळवणारं स्ट्रेप्टोकायनेज टिलेट यांना 1933 मध्येच घसादुखीच्या जंतूंत सापडलं होतं. हृदयविकारात ते जीव वाचवतं, हे इटलीतल्या अकरा हजारांवर रुग्णांच्या चाचणीतून 1986 मध्ये सिद्ध झालं. तेही पहिल्या काही तासांत दिलं तर.

माझं कोलेस्टेरॉल चाळिशीत तपासलं, तेव्हा काका आठवले. मी घेतो त्या गोळ्यांचा वंश जपानच्या अकिरा एंडो यांनी 1973 मध्ये एका बुरशीतून काढलेल्या द्रव्यापाशी जातो. मुलाचंही वाढलेलं निघालं, मुलीचं नाही. काकांची मुलं अजून म्हणतात, ‘आम्हाला काय झालंय?’ थोरल्याच्या टाचेवर मात्र गाठ आहे.